मॅनेजर लोक निर्णय नेमका कसा घेतात? अनुभवी मंडळींनी सांगा (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी,

प्रश्न जरा लांबलचक आहे पण मनापासून विचारतोय. मी कस्टमर सपोर्टच्या टीममधे सीनियर आहे, हाताखाली कोणी नाही. पुढे मॅनेजर व्हायचं का हे अजून ठरवलेलं नाही, पण त्या खुर्चीत बसलेला माणूस निर्णयापर्यंत पोचतो कसा हे मला आधी समजून घ्यायचंय.

ताजं उदाहरण देतो. तक्रारींची तिकिटं सांभाळायचं आमचं सॉफ्टवेअर जुनं झालंय, कस्टमरची मागची तक्रार बघायची तर वेगळी विंडो उघडावी लागते, ती निम्म्या वेळा अडकते आणि तोवर कस्टमर फोनवर ताटकळत असतो. आमच्या मॅनेजर मॅडमनीच आम्हाला दुसरे पर्याय बघायला सांगितले. मग आम्ही डेमो घेतले, एक्सेलमधे खर्च, फीचर्स, ट्रेनिंगला लागणारा वेळ असं सगळं मांडून मार्क दिले, टीममधल्या लोकांना वापरून बघायला लावलं. मीटिंगमधे मॅडमनी शीटवरून नजर फिरवली, दोनच प्रश्न विचारले, जुना डेटा नव्यात कोण हलवणार आणि रात्री बंद पडलं तर फोन कोण उचलणार, आणि शेवटी जुन्याचंच कॉन्ट्रॅक्ट रिन्यू झालं. मार्कांबद्दल चकार शब्द नाही.

राग नाहीये हो, खरंच. मॅडम हुशार आहेत आणि टीमवर काही आलं की आमच्या बाजूने उभ्या राहतात, म्हणूनच वाटतं की त्यांचा काहीतरी हिशोब असणार जो मला दिसत नाहीये.

थोडं वाचलं. हर्बर्ट सायमन, ज्यांना १९७८ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, त्यांचं म्हणणं असं की माणसाकडे वेळ, माहिती आणि विचार करायची ताकद सगळंच मर्यादित, त्यामुळे तो सगळ्यात भारी पर्याय शोधत बसत नाही, आपल्या किमान अटींत बसणारा पर्याय सापडला की तिथेच थांबतो. हे पटलं. मॅनेजमेंटचे अभ्यासक हेन्री मिंट्झबर्ग यांनी पाच संस्थांच्या प्रमुखांचं रोजचं काम जवळून बघून टिपलं होतं, त्यात त्यांची निम्मी कामं ९ मिनिटांच्या आत संपणारी निघाली. म्हणजे आमची शीट नीट वाचायला मॅडमना निवांत वेळ मिळत असेल ही अपेक्षाच चूक असू शकते. पण या दोघांमुळे मला एवढंच कळलं की निर्णय घाईत होतात, त्या घाईत नेमकं काय जड ठरतं ते नाही कळलं. निर्णय मीटिंगमधे होतो की आधीच झालेला असतो? आणि कारण विचारायचं तर ते आव्हान दिल्यासारखं न वाटता कसं विचारायचं?

प्रतिसाद:

मी बरीच वर्षं मॅनेजर आहे म्हणून लिहितो. त्या दोन प्रश्नांतच तुमचं उत्तर आहे बघा. तुम्ही फायदा मोजत होतात, मॅडम बिघडलं तर निस्तरणार कोण ते मोजत होत्या. कानमन आणि ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मधे मांडलंच आहे की तेवढ्याच फायद्यापेक्षा तेवढाच तोटा माणसाला जास्त बोचतो, आणि ऑफिसात तर जुनं सॉफ्टवेअर रडत चाललं तरी कोणी नाव ठेवत नाही, नवीन आणून पहिल्याच आठवड्यात बंद पडलं तर ज्याची सही त्याच्याकडे बोट. शिवाय बऱ्याच ठिकाणी रिन्यूअल मॅनेजरच्या स्वतःच्या मंजुरीत बसतं, नवीन खरेदी म्हटली की आयटी, फायनान्स, लीगल सगळ्यांच्या दारात जावं लागतं. तुमच्या शीटमधे हा कॉलम होता का? बहुतेक वेळा मीटिंगच्या आधीच दोनतीन लोकांशी बोलून मन बनलेलं असतं, मीटिंगमधे फक्त मोठा खड्डा राहिला नाही ना एवढं तपासतात. आणि विचारताना "का नाही घेतलं" असं नका विचारू, "पुढच्या वेळी बदलायचं झालं तर आधी काय काय जमलेलं असायला हवं" असं विचारा, माणूस मोकळेपणाने बोलतो.

मूळ प्रश्नकर्ता:

मनापासून धन्यवाद, मंजुरीचा मुद्दा डोक्यातच आला नव्हता. अजून एक विचारतो. बॅरी स्टॉ या संशोधकांच्या १९७६ च्या प्रयोगात, पहिला निर्णय ज्यांनी स्वतः घेतला होता त्यांनी तो फसतोय दिसल्यावरही त्यातच जास्त पैसे ओतले. आमचं जुनं सॉफ्टवेअरही मॅडमनीच आणलंय. मग ही सावधगिरी आहे की चिकटून राहणं, हे बाहेरून कसं ओळखायचं?

प्रतिसाद:

बाहेरून पक्कं नाही ओळखता येत. पण काय झालं तर हे सोडायचं, याचं उत्तर त्यांच्याकडे आहे का ते बघा. सावध माणूस लगेच सांगतो, अमुक तास बंद पडलं किंवा इतकी तिकिटं अडकली तर बदलू. चिकटलेला माणूस दरवेळी नवीन कारण देतो. तेव्हा आत्ताच, रिन्यूअल ताजं असताना, ती हद्द मॅडमकडून ठरवून घ्या आणि मेलवर लिहून ठेवा. विंडो अडकते त्याची नोंद रोज करा, कॉन्ट्रॅक्ट संपायच्या बरंच आधी तीच घेऊन जा, आणि डेटा हलवायला कोण बसणार त्याचं नाव सोबत न्या.