सल्ला हवा: ब्राउझिंगचा डेटा आपल्या ताब्यात कसा आणायचा? (पैसे शून्य, वेळ एक तास)

रेवा_क
नमस्कार मंडळी. बाबांना अलीकडे कमी ऐकू येतं. हे बाबा सोडून घरात सगळ्यांना माहीत आहे. मागच्या बुधवारी मी माझ्या फोनवर श्रवणयंत्रांची माहिती शोधली, चार-पाच साइट चाळल्या. दोन दिवसांनी बाबांच्या टॅबवर जाहिराती. बातम्या उघडल्या की श्रवणयंत्र, शब्दकोडं उघडलं की श्रवणयंत्र. परवा टॅब माझ्या नाकासमोर धरून म्हणाले, "हे तू लावून दिलंयस का?" तेव्हापासून अबोला.

आमचं काय काय जमा झालंय ते मला बघायचंय, नको ते पुसायचंय आणि पुढचं थांबवायचंय. पैसे शून्य. वेळ रविवारी एक तास. टॅबचं रूप बदलता कामा नये, एक आयकॉन इकडचा तिकडे झाला तरी बाबांच्या लक्षात येतं.

अण्णा२००४
व्हीपीएन घ्या (आपलं इंटरनेट दुसऱ्याच्या सर्व्हरमधून फिरवून नेणारी सेवा) आणि निश्चिंत व्हा. मी तीन वर्षांचं एकदम घेतलं, घसघशीत सवलत मिळाली. पाच उपकरणांवर चालतं. सकाळी मी एका देशात असतो, दुपारी दुसऱ्या. स्क्रीनशॉट कसा टाकायचा इथे?

दोन_शब्द
टॅबवर खातं कोणाचं आहे?

टकमक
अण्णा, व्हीपीएनने यांचा प्रश्न सुटत नाही. आयपी पत्ता, म्हणजे इंटरनेटवरचा आपला क्रमांक, बदलतो, आणि जे इंटरनेट पुरवठादाराला दिसायचं ते व्हीपीएनवाल्याला दिसायला लागतं. कुकी (साइट आपल्या ब्राउझरमध्ये ठेवते ती ओळखखूण) तिथेच, लॉगिन तिथेच. फेसबुकचं ओनावो आठवतंय का? फुकट व्हीपीएन होतं, आणि लोक कुठली अ‍ॅप किती वापरतात ते फेसबुकला कळवायचं. २०१८ मध्ये अ‍ॅपलच्या स्टोअरवरून काढावं लागलं.

खरा उपाय पाय-होल. एक रास्पबेरी पाय, म्हणजे छोटासा संगणक, घ्यायचा, राउटरचं डीएनएस (साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधणारी यंत्रणा) त्याच्याकडे वळवायचं, जाहिरातवाल्यांच्या पत्त्यांना घरातच दार बंद. माझ्याकडे चार वर्षं चालू आहे. बायकोचं एक अ‍ॅप त्यामुळे उघडत नाही, पण ते उघडू नये असंच आहे.

अण्णा२००४
त्यांनी पैसे शून्य लिहिलंय आणि तुम्ही यंत्र विकत घ्यायला सांगताय.

टकमक
आणि तुम्ही तीन वर्षांची वर्गणी.

चिमणी४२
इन्कॉग्निटोमध्ये शोधायचं ना ताई! मी भेटवस्तू सगळ्या तशाच शोधते.

शाल्मली_जो
इन्कॉग्निटोची खिडकी बंद केली की त्या फोनवरचा इतिहास आणि कुकी जातात, एवढंच. समोरच्या साइटला तुम्ही दिसताच, पुरवठादारालाही दिसता. याच गैरसमजावरून २०२० मध्ये अमेरिकेत गुगलवर खटला झाला, आणि २०२४ मध्ये तडजोड करताना अब्जावधी नोंदी नष्ट करायला गुगल तयार झालं. मात्र चिमणी अगदीच चूक नाहीत. लॉगिन न करता इन्कॉग्निटोत शोधलं असतं तर निदान तो शोध खात्याला चिकटला नसता.

उंटावरचा_शहाणा
धाग्याच्या नावातच दोन परके शब्द. ब्राउझरला न्याहाळक आणि डेटाला विदा हे शब्द आहेत हो आपल्याकडे.

खडूस_म्हातारा
न्याहाळक म्हटलं की मला दुर्बीण घेऊन गच्चीत बसलेला माणूस दिसतो.

उंटावरचा_शहाणा
आणि या धाग्याचा विषय नेमका तोच आहे. :)

टकमक
बाकी विदा एकवचनी की अनेकवचनी?

खडूस_म्हातारा
अवांतर पुरे. रेवाताई, माझ्या अनुभवावरून एकच सांगतो, "सगळा डेटा पुसा" हे बटण दाबू नका. मी दाबलं. "सुरुवातीपासूनचा" असा कालावधी निवडला, खालच्या सगळ्या चौकटींवर खुणा केल्या, त्यात जतन केलेले पासवर्डही होते. सिंक (सगळ्या उपकरणांवर एकच माहिती ठेवणारी सोय) चालू असल्यामुळे फोनवरचेही गेले. मेलचा पासवर्ड परत मिळवायला गेलो तर ओटीपी कुठल्या नंबरवर? सहा वर्षांपूर्वी बंद केलेल्या. अकरा दिवस मेल नव्हती. फार शांत अकरा दिवस होते, पण ते सोडा.

चिमणी४२
अगंबाई! इतिहास पुसताना पासवर्डही जातात??

खडूस_म्हातारा
वेगळी चौकट असते. खूण केली तरच जातात. मी केली होती, कारण मला वाटलं जितक्या जास्त खुणा तितकी जास्त सफाई.

निवांत
एवढा खटाटोप कशाला? आपल्याकडे लपवण्यासारखं आहे काय? माझा सगळा इतिहास घ्या, वाचा, झोप येईल.

शाल्मली_जो
निवांत, २००६ मध्ये एओएल या अमेरिकी इंटरनेट कंपनीने साडेसहा लाख लोकांचे सुमारे दोन कोटी शोध संशोधनासाठी म्हणून खुले केले. नावं काढून त्या जागी आकडे घातले होते. पत्रकारांनी नुसते शोध वाचून काही दिवसांत एका आकड्यामागची बाई शोधून काढली. दुखणी, गाव, पाळीव कुत्रं, सगळं त्यात होतं. लपवण्यासारखं तिच्याकडेही काही नव्हतं.

रेवा, आता तुमच्या प्रश्नाकडे. तुमचा डेटा एका जागी नसतो, तीन ठिकाणी असतो आणि लोक एक पुसून तिन्ही पुसले असं समजतात. पहिली जागा ब्राउझर. तिथला इतिहास म्हणजे तुमच्या उपकरणावरची एक फाइल, क्रोममध्ये साधारण ९० दिवसांची. दुसरी खातं. गुगलच्या माय अ‍ॅक्टिव्हिटी पानावर प्रत्येक शोध तारीखवार, मिनिटासकट दिसतो. एकेक नोंद काढता येते, एका दिवसाच्या काढता येतात, किंवा ३, १८ वा ३६ महिन्यांपेक्षा जुनं आपोआप पुसायला लावता येतं. सगळ्याची प्रत हवी तर गुगल टेकआउट आहे, २०११ पासून. तिसरी जागा आपल्या हातात सगळ्यात कमी: तुम्ही उघडलेल्या पानांवर बसलेले जाहिरातवाले. त्यांच्यासाठी ब्राउझरच्या सेटिंगमध्ये तृतीय-पक्ष कुकी (उघडलेल्या साइटच्या नव्हे, तिथे बसलेल्या इतरांच्या) बंद करा. सफारी २०२० पासून आपणहून अडवतं, फायरफॉक्स २०२२ पासून प्रत्येक साइटच्या कुकी वेगळ्या डब्यात कोंडतं. क्रोमने काढून टाकू असं २०२० मध्ये जाहीर केलं, चार वर्षं तारखा पुढे ढकलल्या आणि २०२४ मध्ये बेत रद्द केला. तिथे स्वतः बंद करावं लागतं, दोन मिनिटांचं काम.

आणि खात्यातलं "जाहिराती माझ्या आवडीनुसार दाखवा" बंद करा. जाहिराती येतीलच, फक्त कानामागे लागणार नाहीत.

अण्णा२००४
हे सगळं व्हीपीएनमध्ये येतं.

टकमक
येत नाही.

चिमणी४२
वाखू (वाचनखूण) साठवली. मी सेटिंगमध्ये "डू नॉट ट्रॅक" चालू केलंय, ते पुरेसं नाही का?

टकमक
ती साइटना "माझा माग काढू नका" अशी विनंती होती, आणि ती ऐकायची सक्ती कोणावर नव्हती. फायरफॉक्सने २०२५ मध्ये तो पर्यायच काढून टाकला. त्याच्या जागी ग्लोबल प्रायव्हसी कंट्रोल ("माझी माहिती विकू नका" अशी ब्राउझरने पाठवायची खूण) वापरा. ती खूण पाळणं कॅलिफोर्नियात कायद्याने बंधनकारक आहे, ती न पाळल्याबद्दल सेफोरा या सौंदर्यप्रसाधनांच्या कंपनीला २०२२ मध्ये १२ लाख डॉलर भरावे लागले.

धूमकेतू
फायरफॉक्स आणि त्यात यूब्लॉक ओरिजिन, हे जाहिराती अडवणारं एक्स्टेंशन (ब्राउझरला जोडायचं छोटं सॉफ्टवेअर). विषय संपला. अँड्रॉइडवरही चालतं, क्रोम अँड्रॉइडवर एक्स्टेंशन घेतच नाही. पण दिसेल ते "प्रायव्हसी" नावाचं एक्स्टेंशन उचलू नका. माझ्या एका लाडक्या एक्स्टेंशनचा मालक बदलला आणि महिन्याभरात माझ्या प्रत्येक शोधात तिसऱ्याच कोणाच्या लिंका यायला लागल्या. जे जाहिराती अडवायला बसवलं होतं तेच जाहिराती वाढत होतं. अवास्ट तर अँटिव्हायरस, त्याच्या जंपशॉट कंपनीने लोकांचा ब्राउझिंग इतिहास विकला. २०२४ मध्ये अमेरिकेच्या एफटीसी या ग्राहकहित बघणाऱ्या सरकारी संस्थेने १ कोटी ६५ लाख डॉलर भरायला लावले.

परदेशी_पाखरू
युरोपात बरं आहे. जीडीपीआर हा माहिती-संरक्षणाचा कायदा २५ मे २०१८ पासून लागू आहे, कंपनीकडे आपली माहिती मागितली की साधारण महिन्याभरात द्यावी लागते. मी एका बुटांच्या दुकानाकडे मागितली. झिप फाइल आली, आत लांबलचक तक्ता, दर ओळीत वेळ आणि पान. एका रात्री एकच जोडी मी सात वेळा उघडून पाहिली होती. घेतली नव्हती. फाइल वाचली आणि घेतली.

निवांत
म्हणजे त्यांचं काम झालं.

दोन_शब्द
टॅबवर खातं कोणाचं आहे?

रेवा_क
अय्या, उत्तर द्यायचं राहिलंच की. माझंच. टॅब आला तेव्हा बाबांना नवीन खातं काढायचा कंटाळा होता, मी माझं टाकून दिलं.

दोन_शब्द
मग वेगळं करा.

शाल्मली_जो
+१. मीच विचारायला हवं होतं. एवढं लिहीत बसले.

खडूस_म्हातारा
+१. खातं वेगळं करा आणि ओटीपीचा नंबर चालू आहे ना ते बघा.

रेवा_क (रविवार, रात्र)
झालं. तुमचं बहुतेकांचं ऐकलं नाही, आधीच क्षमा मागते.

माय अ‍ॅक्टिव्हिटी उघडली. माझे शोध बुधवारी संध्याकाळचे, ते सापडले. खाली सरकत गेले तर त्याच्या आधी नऊ दिवस, पहाटे २:४७: "कानात शिट्टी वाजते". मग "कानात शिट्टी उपाय". मग "टीव्हीचा आवाज फक्त एकाला वाढवता येतो का". मी पावणेतीनला घोरत असते. म्हणजे जाहिराती माझ्यामुळे आल्या की त्यांच्यामुळे, देव जाणे.

सगळं पुसायचं ठरवून बसले होते. पण यातलं निम्मं माझं नाहीच, तर पुसणारी मी कोण? टॅब बाबांना नेऊन दिला, म्हटलं ही यादी, तुम्हीच ठरवा. चष्मा लावून वीस मिनिटं वाचत होते. एक नोंद पुसली. कुठली ते मी पाहिलं नाही. वेगळ्या खात्याचं विचारलं तर नको म्हणाले, शब्दकोड्याचे गुण जातील. जाहिरातींचं विचारलं तर म्हणाले, "राहू दे, मॉडेल बघतोय."

तेव्हा खातं एकच, जाहिराती चालू, फक्त तीन महिन्यांपेक्षा जुनं आपोआप पुसायला लावलं. माझ्या फोनवर फायरफॉक्स टाकलं, खासगी शोध लॉगिन न करता तिथे.

टकमक
म्हणजे टॅबवर तृतीय-पक्ष कुकी अजून चालूच?

रेवा_क
हो. बंद केल्या तर शब्दकोडं बिघडेल अशी त्यांना शंका आहे.

शाल्मली_जो
निर्णय तुमचा. पण एक खटकलं. त्यांचे रात्रीचे शोध तुम्ही वाचलेत हे त्यांना माहीत आहे ना?

रेवा_क
माहीत आहे. यादी एकच असल्यामुळे तेही माझे वाचतात. जेवताना विचारत होते, "राजीनामा पत्राचा नमुना कशाला गं शोधलास?"

दोन_शब्द
म्हणून म्हणत होतो.

अण्णा२००४
माझ्या व्हीपीएनची सवलत आज रात्रीपर्यंतच आहे, कोणाला हवी तर.

चिमणी४२
मग यंत्र कुठलं ठरलं ताई? माझ्या सासऱ्यांनाही हवंय. (हे मी इन्कॉग्निटोमधून लिहितेय.)

टकमक
तुम्ही लॉगिन केलंय.