पेठेतलं विटांचं घर पाडायचं की राखायचं?

सोप्यावरून:
कोल्हापूरच्या शिवाजी पेठेतल्या आमच्या घरासाठी भावकी बसली. पाडून अपार्टमेंट करायचं, असं बहुतेकांचं मत पडलं. मला ते पटत नाही. दगडी जोतं, सागवानी खांब नि तुळया, मधल्या भिंती चपट्या विटांच्या, चुन्यात बांधलेल्या. माडीचं ओझं खांब पेलतात, त्यामुळे एखादी भिंत उतरवून नवी घातली तरी माडी हलत नाही. मागच्या भिंतीला लोणा, म्हणजे ओलीबरोबर येणारा खार, लागलाय, पण ते आमचंच पाप. आम्हीच तिला सिमेंटचा गिलावा केला. चुन्याची भिंत ओल घेते तशी सोडतेही. सिमेंटनं ती आत कोंडली. 1884 साली पुरा झालेला नवा राजवाडा आपण पाहुण्यांना हौसेनं दाखवतो. साधी माणसं कशी राहायची, ते मात्र पेठांतल्या अशा घरांतच दिसतं.

पंचगंगाकाठ:
2005, 2019, 2021. तीन महापूर बघितले. 2019 ला आमच्या शुक्रवार पेठेतल्या घरात पाणी बरेच दिवस राहिलं. विटा भक्कम, पण सांधा मातीचा. पाणी ओसरलं आणि दोन दिवसांनी मधली भिंत बसली. आजी शेजाऱ्यांकडे होती म्हणून वाचली. पावसाळ्यात आढ्याकडे बघत रात्र काढलेल्याला "राखा" म्हणून सांगू नका.

सोप्यावरून:
तुमचं दुःख खरं आहे. मातीचा सांधा पाण्यात विरघळतो, तुमच्या जागी मीही पाडलं असतं. आमच्या गल्लीत पूर आलेला नाही, सांधाही चुन्याचा आहे. दोन्ही घरांना एकच निकाल नको.

माजघर:
मी अशा घरात सून म्हणून बावीस वर्षं काढली. माजघरात भर दुपारी दिवा लागतो. न्हाणी परड्यात, जिना शिडीसारखा उभा. सासूबाई त्यावरून पडल्या, त्यानंतर माडी त्यांना कायमची बंद झाली. तुमच्या चर्चेत खांब आहेत, विटा आहेत. पाणी कोण भरतं, हे कुठंच नाही.

थापीवाला:
वडील गवंडी होते, मीही तेच करतो. भावा, आधी सिमेंट खरवडून काढ आणि भिंत वाळू दे. उन्हाळाभर तरी. मग वीट ठोकून बघ. खणखणली तर ठेव, भद्द वाजली तर तेवढीच बदल. नवा गिलावा मुरवलेल्या चुन्याचाच कर, घाई करू नको. तुळईचं भिंतीत गेलेलं टोक आधी तपास. लाकूड कुजायला तिथूनच सुरुवात होते. ते गेलं असेल तर मात्र पंचगंगाकाठ म्हणतात तेच खरं.

माजघर:
तुळई तपासा, पण त्याआधी न्हाणी आत घ्या आणि जिन्याला कठडा लावा. भिंतीचं नंतर बघू.