जळगाव जिल्ह्यातून पल्सार आणि गुरुत्वीय लहरी: एमएस्सी प्रकल्पात नेमकं काय जमेल?

रावेरचा_विद्यार्थी
एमएस्सी भौतिकीच्या शेवटच्या वर्षाचा प्रकल्प ठरवायचा आहे. हाताशी आरटीएल-एसडीआर (यूएसबीचा स्वस्त रेडिओ डोंगल), लॅपटॉप आणि शेतातली मोकळी जागा आहे. गावातला फॅब्रिकेशनवाला ३ मीटरची जाळीची डिश बनवून देईल. एवढ्यावर एखादा पल्सार (ठराविक वेळाने रेडिओ स्पंद पाठवणारा, फिरणारा मृत तारा) पकडता येईल का? आणि आपल्याच नोंदींवरून गुरुत्वीय लहरींपर्यंत जाता येईल, की खोडदच्या जीएमआरटी रेडिओ दुर्बिणीचा डेटा घ्यावा?

अँटेनावाला_भुसावळ
भाऊ, पहिल्याचं उत्तर हो. बी०३२९+५४ हा पल्सार धरा. आवर्तकाल ०.७१४५ सेकंद, ४०० मेगाहर्ट्झला सरासरी तीव्रता सुमारे १.५ जान्स्की (रेडिओ तीव्रतेचं एकक). आपल्याकडून तो उत्तरेला ५६ अंशांवर मध्यान्ह ओलांडतो, नोव्हेंबरच्या मध्यात मध्यरात्रीच्या सुमारास. व्हेला पल्सार कितीतरी तेजस्वी आहे, पण आपल्याकडे तो २४ अंशांच्या वर येत नाही. डिश खाली झुकली की जमिनीची उष्णता आणि गावाचा गोंगाट दोन्ही आत येतात.

४०८ मेगाहर्ट्झवर तरंगलांबी ७३ सेंमी, त्यामुळे एक इंची जाळी चालते. ३ मीटर डिशचा झोत (तिला एका वेळी दिसणारा आकाशाचा तुकडा) साधारण १७ अंशांचा. म्हणजे मोटर न लावता, डिश एका जागी ठेवून तारा जवळजवळ दोन तास झोतात राहतो. एलएनए (कमी गोंगाटाचा प्रवर्धक) फीडलाच, म्हणजे डिशच्या केंद्रातल्या अँटेनालाच बसवा, केबलच्या खालच्या टोकाला नको. एलएनएच्या आधी केबलमध्ये जे गेलं ते परत मिळत नाही.

सेकंदाला २.४ मेगासँपलने दोन तासांची नोंद सुमारे ३५ जीबी होते. सगळी पट्टी एकत्र बेरजेला घेऊ नका: डीएम (वाटेतल्या इलेक्ट्रॉनांचं माप, त्यांच्यामुळे कमी वारंवारतेचा स्पंद उशिरा पोचतो) २६.८ असल्यामुळे २.४ मेगाहर्ट्झच्या दोन टोकांत स्पंद जवळपास ८ मिलिसेकंद पुढेमागे होतो, आणि स्पंदाची रुंदीच साडेसहाच्या आसपास. १६ चॅनेल करा, प्रत्येक सरकवून मग बेरीज.

बहुतेकांचं घोडं अडतं ते आवर्तकालावर. कॅटलॉगमधला आकडा सूर्यमालेच्या वस्तुमानकेंद्राचा असतो. पृथ्वीच्या गतीमुळे इथे मोजलेला आवर्तकाल ५०-६० मायक्रोसेकंदांपर्यंत कमीजास्त होतो. दोन तासांत दहा हजार स्पंद, म्हणजे चूक अर्ध्या सेकंदाहून मोठी. स्पंद पूर्ण फासला जातो आणि माणूस अँटेनाला दोष देतो. त्या रात्रीचा, त्या ठिकाणचा आवर्तकाल टेम्पो२ किंवा पिंट या पल्सारच्या वेळा काढणाऱ्या सॉफ्टवेअरने काढा. साध्या डोंगलचं घड्याळ ३० पीपीएम (दशलक्षात ३० भाग) चुकलं तरी तेच होतं, म्हणून टीसीएक्सओवालाच (तापमानाने फारसं न सरकणाऱ्या घड्याळाचा) डोंगल घ्या. १ पीपीएमनेही दोन तासांत ७ मिलिसेकंद सरकतं, तेव्हा काढलेल्या आकड्याच्या आजूबाजूला थोडं शोधावंच लागेल.

आणि केळीच्या बागेपासून लांब राहा. रात्रीची थ्री-फेज आली की मोटरींचे स्टार्टर ठिणग्या टाकतात, त्याचा गोंगाट या पट्टीत स्पष्ट दिसतो.

नॅनोहर्ट्झ_धुळे
आपल्याच नोंदींवरून लहरींपर्यंत जाता येईल का, याचं उत्तर नाही, आणि त्याचं कारण समजून घेण्यातच प्रकल्पाचा खरा गाभा आहे. या लहरींचा आवर्तकाल वर्षांत मोजतात आणि स्पंद पोचण्याच्या वेळेवर त्यांचा परिणाम शंभर नॅनोसेकंदांच्या घरात. त्यासाठी मिलिसेकंद पल्सार (काही मिलिसेकंदांत एक फेरी घेणारे) लागतात, तेही अनेक. जून २०२३ मध्ये जो पुरावा जाहीर झाला त्यात उत्तर अमेरिकेच्या नॅनोग्रॅव्ह गटाचे ६७ पल्सार होते. युरोपीय गट आणि आपल्या इनपीटीएच्या (पल्सारच्या वेळा मोजणाऱ्या भारतीय गटाच्या) एकत्रित विश्लेषणात २५. एका पल्सारची चलबिचल काहीच सिद्ध करत नाही. घड्याळ चुकलं तर सगळे पल्सार सारखेच हलतात, ग्रहांची गणितं चुकली तर आकाशाच्या दोन बाजू उलट हलतात. लहरींची खूण वेगळी: दोन पल्सारमधला कोन ८० अंशांच्या आसपास असला की सहसंबंध ऋण होतो आणि १८० कडे जाताना पुन्हा धन. हेलिंग्ज आणि डाउन्स यांनी हा वक्र १९८३ मध्येच मांडला होता.

तुमच्यासाठी सुचवेन: इनपीटीएच्या पहिल्या डेटा-प्रकाशनातला (१४ पल्सार, साडेतीन वर्षं) जे१९०९-३७४४ हा पल्सार. पार (पल्सारचे घटक) आणि टिम (स्पंद पोचल्याच्या वेळा) फाइल पिंटमध्ये उघडा, काहीही फिट न करता आधी मोजलेल्या आणि अपेक्षित वेळांतले उरलेले फरक बघा. सरळ चढण दिसली तर फिरण्याची वारंवारता चुकलेली, पॅराबोला असला तर तिचा बदलदर, वर्षाची लाट असली तर आकाशातलं स्थान, आणि ती लाट वाढत गेली तर स्वगती (ताऱ्याचं आकाशात सरकणं). मग एकेक घटक मोकळा करा. सगळे एकदम मोकळे केले तर आलेख सुरेख सपाट होतो आणि तुम्ही काहीच शिकत नाही.

प्रबंधात डीएमवर एक अख्खं प्रकरण द्या. डीएम फक्त ०.००१ ने बदलला तर १४०० मेगाहर्ट्झला २ मायक्रोसेकंद उशीर, ४०० ला २६. लहरींच्या परिणामापेक्षा हे कितीतरी मोठं. जीएमआरटी ३००–५०० आणि १२६०–१४६० या दोन्ही पट्ट्या एकाच वेळी घेते, म्हणून हा बदल अचूक वजा करता येतो. आपल्या राज्यातल्या दुर्बिणीचं जगाच्या या कामातलं मोल इथे आहे.

जे१७१३+०७४७ हा पल्सार मात्र नको. एप्रिल २०२१ मध्ये त्याच्या स्पंदाचा आकारच बदलला. जुना टेम्प्लेट (स्पंदाचा नमुना-आकार) लावलात तर वेळेत खोटी उडी दिसेल.

रावेरचा_विद्यार्थी
दोन्ही करतो दादा, डिशही आणि पिंटही. डिशवर शिखर आलं तर ते खरं आहे हे डीएम बदलून तपासू का?

अँटेनावाला_भुसावळ
२.४ मेगाहर्ट्झवर डीएमची कसोटी कमकुवत आहे, शून्य ठेवलं तरी शिखर थोडं पसरतं एवढंच. आवर्तकाल दहा-वीस मायक्रोसेकंदांनी बदलून पाहा, खरं असेल तर विरघळेल. नोंदीचे दोन भाग करून शिखर त्याच कलेवर (आवर्तनातल्या त्याच जागी) येतं का बघा. आणि दुसऱ्या रात्री डिश न हलवता नोंद घ्या: तारा ४ मिनिटं आधी झोतात येतो, मोटरी येत नाहीत. एखाद्या रात्री काहीच दिसलं नाही तर लगेच जोडणी उसवू नका, आंतरतारकीय वायूमुळे हा पल्सार अनेक पटींनी मंद-तेज होत राहतो.