मदत हवी आहे : सड्यावरच्या खाणीच्या ईआयएवर लेखी हरकत

सिंधुदुर्गात आमच्या गावच्या सड्यावर (जांभ्या दगडाच्या उघड्या पठारावर) बॉक्साइट खाणीचा प्रस्ताव आलाय, जनसुनावणीला २० दिवस राहिलेत. ईआयए, म्हणजे खाणीच्या पर्यावरणावरच्या परिणामांच्या अभ्यासाच्या रिपोर्टातलं प्राण्यांचं प्रकरण वाचलं तर सर्व्हे मार्च ते मे, म्हणजे सडा नुसता करपलेला असताना! २००६ च्या ईआयए नोटिफिकेशननुसार पावसाळा सोडून एका सीझनचा डेटा चालतो हे माहितीये, पण सड्यावरची बेडकं, दीपकाडीची फुलं सगळं पावसातच दिसतं ना. शेड्यूल १ मध्ये (वन्यजीव कायद्यातली सगळ्यात जास्त संरक्षण असलेल्या प्राण्यांची यादी) फक्त मोर टाकलाय, गवा नाही की खवल्या मांजर नाही. गव्याचे फोटो आहेत, तारीख-लोकेशनसकट, खवल्याचं मात्र फक्त उकरलेलं वारूळ आणि नखांचे ओरखडे. वनरक्षक तोंडी हो म्हणतात पण लेखी देत नाहीत, माहिती अधिकारात अर्ज टाकलाय पण उत्तर सुनावणीच्या आधी येईलसं वाटत नाही.

वकील, कन्सल्टंट परवडणार नाही. आणि 'खाण नको' असं सरसकट लिहायचं नाहीये, अर्ध्या गावाला काम हवंय, मुद्दा फक्त सर्व्हेचा आहे.

ज्यांनी प्रदूषण मंडळाकडे अशी हरकत दिलीये त्यांनी सांगा, वारूळ-ओरखड्यांसारखा पुरावा कसा मांडला की सुनावणीच्या मिनिट्समध्ये (इतिवृत्तात) नोंद होते, आणि पावसाळी सर्व्हे परत करा ही मागणी कुठल्या मुद्द्यावर टिकते?