मालवाहू टेम्पोच्या योग्यता प्रमाणपत्राची मुदत संपली आहे, काय करावे?

प्रश्न : परभणीतील आमच्या काकांचा दहा वर्षे जुना टेम्पो पावसाळाभर उभा असल्याने त्याच्या पासिंगची (योग्यता प्रमाणपत्राची) मुदत टळली आहे. सोयाबीन मोंढ्यावर नेण्याचे दिवस जवळ आले असून पासिंग होईपर्यंत एखादी फेरी करता येईल का आणि दंड किती लागेल?

उत्तर १ : कृपया एकही फेरी करू नये. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५६ नुसार वैध योग्यता प्रमाणपत्राशिवाय परिवहन वाहनाची नोंदणीच वैध मानली जात नाही, त्यामुळे अपघात झाल्यास विमा कंपनी भरपाईला हरकत घेऊ शकते आणि तो बोजा कुटुंबावर येतो. केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम ८१ मध्ये विलंबासाठी दररोज ५० रुपये अतिरिक्त शुल्काची तरतूद आहे. प्रत्यक्ष रक्कम परिवहन संकेतस्थळावर अर्ज भरताना पाहावी.

उत्तर २ : कर, विमा आणि पीयूसी आधी अद्ययावत करावेत. ब्रेक, दिवे, टायर आणि परावर्तक पट्ट्या गॅरेजमध्ये तपासूनच तपासणीची वेळ घ्यावी. आठ वर्षांवरील मालवाहू वाहनांचे प्रमाणपत्र दरवर्षी नूतनीकरण करावे लागते, म्हणून पुढची तारीख आताच लिहून ठेवावी.

प्रश्नकर्ता : आभारी आहे. तोवर माल भाड्याच्या गाडीने पाठवण्यास काकांना सांगतो.