‘सेडिमेंट’ला सरसकट गाळ म्हणावे का?

प्रश्न (नौपाडा, ठाणे):
नदीच्या तळाचे मापन करून गोड्या पाण्यातील शिंपल्यांचा अधिवास कसा ओळखतात, यावरील एका इंग्रजी पुस्तिकेचे मी भाषांतर करीत आहे. ‘सेडिमेंट’साठी सर्वत्र ‘गाळ’ वापरला आणि एकाच पानावर दोन वाक्ये परस्परांच्या विरोधात उभी राहिली: ‘शिंपला गाळात अर्धा रुतून राहतो’ आणि ‘गाळ वाढला की शिंपला गुदमरतो’. पहिल्या वाक्यात वाळू आणि बारीक गोट्यांचे मिश्रण अभिप्रेत आहे. दुसऱ्यात कणांमधल्या फटी बुजवणारी आणि तळात दडलेल्या पिल्लांचा प्राणवायू तोडणारी माती. दोन्हींना सामावून घेणारा शब्द कोणता?

नेरूळ:
‘अवसाद’ घ्यावा. ‘अव’ म्हणजे खाली आणि ‘सद्’ म्हणजे बसणे. ‘सेडिमेंट’ ज्या लॅटिन धातूवरून आला तोही बसण्याचाच असून ‘सद्’चा सख्खा भाऊ आहे. शास्त्रीय लेखनात एका संज्ञेला एकच अर्थ हवा.

बदलापूर:
काका, व्युत्पत्ती मान्य; परंतु ‘अवसाद’ म्हटले की मराठी वाचकाला खिन्नता आठवते. उल्हास नदीच्या काठी वाढलेली माझी आजी पूर ओसरल्यावर मागे राहिलेल्या चिकट मातीलाच गाळ म्हणे. पायाला टोचे ती रेव आणि घर बांधायला नेत ती रेती. म्हणजे बारीकपणा ‘गाळ’ या शब्दात मुळातच आहे. ताई, आपले दुसरे वाक्य अचूक आहे, पहिलेच बदलावे.

कळवा:
गाळून उरतो तो गाळ, त्यामुळे त्यात रेतीही आलीच. आणि ‘वाळू’ कशासाठी? आमच्याकडे रेतीबंदर आहे, वाळूबंदर नाही.

नेरूळ:
गाळून उरतो तो चोथा. तळाशी बसतो त्याला ‘साका’ असा जुना शब्द आहे, तो रसायनशास्त्राच्या मराठी लेखनातही चालतो. ‘अवसाद’ नको असेल तर निदान त्याचा विचार करावा.

ऐरोली:
साका भांड्याच्या तळाशी शोभतो, वाहत्या नदीच्या तळाला नव्हे. मी नदीत उतरून मोजमाप केले आहे, म्हणून सांगतो की तेथे नाव मापावरून ठरते. भूशास्त्रज्ञ वेंटवर्थच्या १९२२ च्या कणांच्या आकारश्रेणीनुसार ०.०६२५ ते २ मिलिमीटर व्यासाचे कण म्हणजे वाळू. त्याहून बारीक ती माती आणि मोठे ते गोटे. तळाचे दगड मोजण्याच्या, नदीअभ्यासक वोलमनच्या १९५४ च्या पद्धतीत नदी ओलांडत चालायचे, खाली न पाहता पायाच्या टोकाशी बोट टेकवून ज्या दगडाला ते लागेल तो उचलायचा आणि त्याची लांबी किंवा जाडी न घेता मधले माप नोंदवायचे. असे शंभर दगड. बारीक भाग वाळवून चाळण्यांतून काढतात आणि प्रत्येक चाळणीवर राहिलेल्याचे वजन करतात. माझे मत असे की एकत्रित अर्थासाठी ‘तळद्रव्य’ असा शब्द घडवावा आणि ‘गाळ’ फक्त बारीक मातीसाठी राखावा. मात्र गाळ म्हणजे शिंपल्याचा शत्रू, असे सरसकट लिहू नये. आपल्याकडे मोत्यांसाठी पाळला जाणारा ‘लॅमेलिडेन्स मार्जिनॅलिस’ हा शिंपला तळ्यांच्या मऊ चिखलातही राहतो.

बदलापूर:
‘तळद्रव्य’ वाचून आजीला नदी दिसली नसती. ‘रेती, रेव आणि गाळ’ असे तीन शब्द लिहिण्यात काय बिघडते?

नेरूळ:
तीन शब्दांची संज्ञा होत नाही. तक्त्याच्या शीर्षकात आपण काय लिहाल?

कळवा:
याहून मोठी अडचण ‘शिंपला’ या शब्दाची आहे. शिंपला म्हणजे कवच. आतल्या जिवाचे नाव ते नव्हे. खाडीकाठी तिसऱ्या, कालवे, शिणाणे अशी जिवांचीच नावे आहेत.

नौपाडा:
पहिले वाक्य मी ‘रेती आणि रेव यांत अर्धा रुतून राहतो’ असे केले आहे. तक्त्याचे शीर्षक अजून रिकामे आहे. बदलापूरच्या ताई, नदीतल्या जिवंत प्राण्याला आपली आजी कोणत्या नावाने ओळखत असे?