'पोटात घालणे': स्वतःच्या बाबतीत हा वाक्प्रचार चालतो का?

मूळ प्रश्न (इंदूर)

आमच्याकडे गणपती हलवताना एक वाक्य ठरलेलं असतं. उत्तरपूजा झाली, मूर्तीच्या हातावर दही ठेवलं, अक्षता वाहून पाट जरासा सरकवला, की घरातल्या मोठ्या बाईनं म्हणायचं, "चुकलंमाकलं पोटात घाल, पुढच्या वर्षी लवकर ये." सासूबाई म्हणायच्या. त्यांच्या माघारी गेल्या वर्षी गणपती जावेकडे बसला होता, त्यामुळे मी हे वाक्य यंदा पहिल्यांदा म्हटलं. नऊ वर्षांचा नातू ताम्हन धरून शेजारी उभा होता. त्याची शाळा इंग्रजी, खेळणं हिंदीत, मराठी काय ती माझ्याशी. त्यानं विचारलं, "आजी, सगळ्यांच्या गलत्या पोटात घातल्या तर बाप्पाचं पोट नाही का दुखणार?"

मी सांगून टाकलं, "पोटात घालणे म्हणजे माफ करणे रे." तेवढ्यावर त्याचं समाधान झालं आणि तो झांक्या, म्हणजे चित्ररथ, बघायला जायच्या तयारीला लागला. (गिरण्या बंद पडून किती वर्षं झाली, पण अनंत चतुर्दशीच्या रात्री त्यांच्या झांक्या अजून निघतात आमच्याकडे.) मला मात्र माझंच उत्तर पटलं नाही. माफ केलं की हिशेब मिटतो, माणूस मोकळा होतो. पोटात घातलेलं कुठे जात नाही, ते आपल्यापाशीच राहतं.

तर माझा प्रश्न असा. पोटात घालायचे अपराध नेहमी दुसऱ्याचेच का असतात? आपलं आपणच पोटात घातलं, असं मराठीत म्हणता येतं का?

का विचारते तेही लिहिते, नाहीतर प्रश्न अर्धाच राहील. सासूबाई चार वर्षं अंथरुणाला खिळून होत्या. दीड वर्षापूर्वी गेल्या. भेटायला येणारा प्रत्येक जण म्हणत होता, "सुटल्या हो." मी मान हलवत होते. पण त्या पहाटे त्यांचा फीडिंग कप मोरीत नेला आणि त्याच्या तोटीत अडकलेली पेज टाचणीनं काढता काढता माझ्या मनात आलं, मी सुटले. शब्द तोच. त्यांच्याबद्दल म्हटला की सांत्वन, माझ्याबद्दल म्हटला की पाप. रात्रीतून तीनतीनदा कूस बदलून द्यायला उठणारी बाई चार वर्षांत दमणारच, हे मला कळतं. तरी तो शब्द दीड वर्ष घशाशी अडकून आहे. सत्संगात सांगतात, विकार टाका, मन निर्मळ करा. मी टाकतेच आहे. जात नाही.

उत्तर (इंदूर, रामबाग)

काकू, मी मराठीचा निवृत्त शिक्षक. शब्दापासूनच सुरुवात करतो.

'पोट' हा संस्कृत शब्द नाही. बाराव्या शतकात हेमचंद्रानं देशी शब्दांचा कोश केला, देशीनाममाला, त्यात 'पोट्ट' हा शब्द उदर या अर्थानं आहे. तेलुगूतही पोटाला पोट्टच म्हणतात. म्हणजे 'उदर' पोथीतलं आणि 'पोट' घरातलं. आणि मराठीनं आपल्या भावना मनापेक्षा या घरातल्या जागी जास्त ठेवल्या. माया पोटात असते, भीतीनं पोटात गोळा येतो, तळमळीनं बोलणारा पोटतिडकीनं बोलतो, दुसऱ्याचं बरं झालं की काहींच्या पोटात दुखतं. शब्दयोगी अव्ययसुद्धा तिथूनच आलं: मायेपोटी केलं, मत्सरापोटी केलं. तुकोबांचं 'शुद्ध बीजापोटी फळे रसाळ गोमटी' आपण सगळेच म्हणतो. तेव्हा नातवाचा प्रश्न भाषेच्या अंगानं अगदी रास्त आहे. न पचलेलं पोटात दुखतंच.

आता क्रियापदं बघा. राग गिळला म्हणजे नाइलाजानं आत ढकलला, चवही न घेता. (आपल्या इंदुरात हाच राग हिंदीत लोक 'पी जाते हैं'. गिळणं काय, पिणं काय, घाई दोन्हीकडे सारखीच.) पोटात ठेवलं म्हणजे कुणाला कळू दिलं नाही. पचवलं म्हणजे त्याचा त्रास संपला. पोटात घातलं यात मात्र दोष दिसलेला असतो, तो कुणाचा हे माहीत असतं, आणि तरी त्या माणसाला दूर लोटलेलं नसतं.

तुम्ही 'माफ'वर अडलात ते बरोबरच. माफी अरबीतून फारसीच्या वाटेनं आपल्याकडे आली, तिच्यात सोडून देणं आहे. 'क्षमा'त क्षम् म्हणजे सोसणं आहे, म्हणून पृथ्वीलाही क्षमा म्हणतात. पोटात घालणं यात ना सोडणं, ना नुसतं सोसणं. त्यात सामावणं आहे. पोटजात, पोटकलम, पोटभाडेकरू या शब्दांत 'पोट' हेच काम करतं: मोठ्यात लहान मावलेलं.

अडचण एकच. या वाक्प्रचाराला दोन माणसं लागतात, आणि पोटात घालणारा सहसा मोठा असतो: आई, देव, गुरू, मालक. "एवढ्या वेळी पोटात घाला" असं लहान मोठ्याला म्हणतो. एकाच माणसानं दोन्ही व्हायचं कसं? वापरात तरी मी असं ऐकलेलं नाही.

उत्तर (ग्वाल्हेर)

ताई, राग मानू नका, पण मला हे धोक्याचं वाटतं. काम, क्रोध, लोभ, मोह, मद, मत्सर यांना आपल्या पूर्वजांनी षड्रिपू म्हटलं. रिपू म्हणजे शत्रू. शत्रूला कुणी पोटात घालतं का? समर्थांनी मनाच्या श्लोकांत सहाव्याच श्लोकात बजावलंय, 'नको रे मना क्रोध हा खेदकारी'. त्याच श्लोकात अंगीकार करू नको असंही आहे. उद्या कुणीही उठेल आणि म्हणेल, माझा संताप मी पोटात घातलाय, आता घरच्यांनी सोसावा. शब्द सैल केला की साधना सैल होते.

मूळ लेखिका

दादा, राग कसला. तुमचं उत्तर दोन दिवस डोक्यात होतं. भाजी निवडताना, देवपूजेला बसताना, सारखं तेच.

तुम्ही ज्याला धोका म्हणता त्याला मराठीत वेगळा शब्द आहे, आणि गंमत म्हणजे तिथेही क्रियापद 'घालणे'च आहे. मुलानं मारामारी केली आणि आई म्हणाली, "माझं पोर असं करणारच नाही", तर तिनं त्याला पाठीशी घातलं. झालेलं कुणाला दिसू नये म्हणून खटपट केली, तर तिनं त्यावर पांघरूण घातलं. तिसरी आई आहे. ती त्याला समोर उभा करते, काय केलंस ते त्याच्याच तोंडून वदवून घेते, ज्याला मारलं त्याच्या घरी घेऊन जाते आणि रात्री त्याला जवळ घेऊन निजते. पोटात घालणं हिला येतं. पहिलीनं चूक पाहिलीच नाही, दुसरीनं ती झाकली. हिनं नीट पाहिली. आपल्याकडे 'चूक पदरात घालणे' असंही म्हणतात, म्हणजे ज्याची त्याला ती दाखवून, मान्य करायला लावणे. माझ्या मते आधी पदरात, मग पोटात. आपला संताप घरच्यांवर सोडून देणारा माणूस पहिली पायरीच चढलेला नाही.

अंगीकार निराळा. व्रताचा अंगीकार करतात, धर्माचा करतात. ती आपण होऊन केलेली निवड. लोभ धरायचा असं ठरवून लोभी होणं म्हणजे त्याचा अंगीकार, आणि तो करू नये हे मला सोळा आणे मान्य आहे. पण त्या पहाटेचं 'सुटले' मी निवडलं नव्हतं. ते आलं. त्याला शत्रू म्हणून दीड वर्ष झुंजले, आणि झालं काय? सासूबाईंचा फोटो पुसताना नजर चुकवायला लागले. जप करताना हात माळेवर आणि जीव भलतीकडे. देवापुढे मी माझी अर्धीच येत होते, उरलेली अर्धी बाई दाराबाहेर चपलांपाशी उभी. तिला बाहेर ठेवून कुठली भक्ती होणार? देवाला तिचं काही वावडं नव्हतं. तिला अडवून मीच धरलं होतं.

आणि गुरुजी, तुमच्या दोन माणसांच्या अडचणीचं उत्तर मला ग्वाल्हेरच्या दादांनीच आणून दिलं. लहानपणी मनाचे श्लोक २०५ च्या २०५ पाठ होते, आता निम्मे आठवतात, पण दादांनी लिहिल्यावर तो सहावा मोठ्यानं म्हणून पाहिला. 'नको रे मना'. यातला 'रे' बघा. शत्रूला कुणी असं 'नको रे' म्हणेल का? हा 'रे' पोराच्या हातातून विळी काढून घेतानाचा आहे. आणि हात धरण्याआधी समर्थ त्याच मनाला काय म्हणतात? 'मना सज्जना'. ज्याच्यात क्रोध आहे, मत्सर आहे, दंभ आहे, त्या मनाला आधी सज्जन म्हणून हाक मारली आणि मग समजावलं. म्हणजे क्रोध नको, पण मन आपलं. मराठीत आपण आपल्या मनाशी असंच बोलत आलोय, मोठ्यानं लहानाशी बोलावं तसं. 'मनाची समजूत घातली' म्हणतो तेव्हा घालणारा कोण आणि ज्याची घातली तो कोण? दोन माणसं झालीच की.

उत्तर (इंदूर, रामबाग)

काकू, 'मनाची समजूत घालणे' माझ्या ध्यानात आलं नव्हतं. तिथेही 'घालणे' आहे आणि दोन्ही बाजूंना माणूस एकच आहे. माझी हरकत मागे घेतो. "माझं मी पोटात घातलं" हे वाक्य माझ्या कानाला अजून नवं लागतं, पण व्याकरणात बसतं आणि अर्थ लगेच कळतो.

उत्तर (ग्वाल्हेर)

'रे'चं पटलं. षड्रिपूंतल्या 'रिपू'वर मी अजून ठाम आहे, पण रिपू विकार आहेत, माणूस नव्हे, हा फरक मला करायला हवा होता. माझे वडील गेले तेव्हा मी रडलो नव्हतो, त्याचा सल अजून आहे. बाकी काही लिहीत नाही.

मूळ लेखिका

दादा, लिहिलंत तेवढं पुष्कळ आहे.

काल जावेला फोन केला होता, गौरीच्या भांड्यांचं विचारायला. बोलता बोलता म्हटलं, "अगं, त्या पहाटे मला पहिलं काय वाटलं सांगू? मी सुटले." ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "वहिनी, तुम्ही केलं तेवढं कोण करतं." म्हणजे तिनं पांघरूण घातलं, मायेनंच. मी म्हटलं, "केलं ते केलं, पण वाटलं ते हे." मग तिनं तिचंही एक सांगितलं, ते इथे लिहिण्यासारखं नाही. फोन ठेवल्यावर फोटोवरचा हार बदलला. या वेळी नजर चुकवली नाही.

नातवालाही उत्तर देणं बाकी आहे. माफ करणे असं चुकीचं सांगून बसलेय त्याला. तुमच्याकडे कोकणात, खानदेशात, बेळगावकडे या अर्थानं आणखी काय म्हणतात? माझ्या माहेरी एक म्हाताऱ्या आत्या 'ओटीत घे गं बाई' म्हणायच्या, अंबाबाईपुढे, पदर पसरून. तो वापर आणखी कुणी ऐकला असेल तर लिहा. त्याला सांगताना 'पोट' सोपं पडेल की 'ओटी', ते मला ठरवायचंय.